वाढत्या अंगाचं

आमच्या गावच्या बायकांना एक जुनी खोड आहे. पोराला कापड घ्यायचं झालं की दुकानाच्या पायरीवर पाय ठेवायच्या आधीच सांगतात, "जरा वाढत्या अंगाचं दाखवा." पोरगं सात वर्षांचं, सदरा नऊ वर्षांच्याला व्हावा असा. खांदे दंडावर उतरलेले, बाह्या बोटांपर्यंत, पँटीला खालून चांगली चार बोटं दुमड. मग दर जूनला एक शिवण उसवायची. पोरगं बोटभर वाढलेलं असतं, पँटही बोटभर वाढते. दुमडीच्या आतल्या कापडाने ऊन पाहिलेलं नसतं, त्यामुळे ते मूळ रंगाचं राहतं. तिसऱ्या वर्षी त्या पँटीच्या तळाला निळ्याच्या तीन छटा दिसतात आणि पोरगं किती वाढलं ते मोजायला भिंतीवर रेघ मारावी लागत नाही.

मी पंचायत समितीच्या शिक्षण विभागात बत्तीस वर्षं लिपिक म्हणून काढली. आता गावच्या शाळा व्यवस्थापन समितीवर 'शिक्षणप्रेमी' सदस्य आहे. माझी नातवंडं पुण्यात इंग्रजी माध्यमात शिकतात, त्यामुळे गावच्या शाळेवरचं माझं प्रेम अगदी निरपेक्ष आहे. या अधिकाराने मला नोंदवून ठेवायचं आहे की वरील खोड अत्यंत घातक असून तिचा शिक्षणक्षेत्रात शिरकाव होऊ न देण्यात आपल्याला मोठंच यश आलेलं आहे. आपलं काम नेहमी आजच्या मापाचं. मूल उद्या वाढलं तर ते उद्याच्या टिपणीत घेता येतं. ज्या तीन शब्दांवर हा सगळा गाडा चालला आहे ते मी नोकरीला लागलो त्या दिवशी आमच्या वरिष्ठ सहायकांनी मला चहाबरोबर दिले होते. टेबलावर एक जाडजूड धारिका होती, मी विचारलं हिचं काय करायचं. ते म्हणाले, "पुढचं पुढे बघू." ती धारिका मी निवृत्त झालो तेव्हाही त्याच कपाटात होती. कोणाचंही काही बिघडलेलं नव्हतं.

या विचाराची बैठक समजायची असेल तर 'तात्काळ' हा शब्द पाहावा. शब्दकोशात 'तत्काळ' आहे. आम्ही 'तात्काळ' लिहितो. कोश उघडून बघायला वेळ लागतो आणि वेळ असता तर तो शब्दच लिहावा लागला नसता. सकाळी अकराला निघालेलं परिपत्रक दुपारी बारापर्यंत अहवाल मागतं: शाळेत किती मुलं डाव्या हाताने लिहितात, किती वर्गखोल्यांना कडी आहे, किती पालकांनी शपथ घेतली. पूर्वी हे टपालाने यायचं, मग दूरध्वनीवर, आता व्हॉट्सॲपच्या गटावर येतं आणि गुरुजी फळ्याकडे पाठ करून मोबाईलवर आकडे टाकतात. मुलांनाही त्याची सवय झाली आहे. मोबाईल वाजला की ती आपणहून पाटी खाली ठेवतात. हे आकडे पुढे कोणी वाचतं का, असा प्रश्न एकदा एका नवख्या मॅडमनी बैठकीत विचारला होता. त्यांची नोंद घेण्यात आली.

याउलट आपल्याकडच्या काही थोर माणसांनी किती उतावीळपणे दूरचं पाहिलं ते बघा. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ मध्ये पुण्याच्या भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. त्या काळी मागणी किती होती? सर्वेक्षण केलं होतं का? पट पुरेसा होता का? आजचा कोणताही केंद्रप्रमुख सांगेल की ती शाळा निकषात बसत नव्हती. याच जोतीरावांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देऊन किमान बाराव्या वर्षापर्यंतचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, असं मागितलं. शेतकऱ्याच्या करातून पैसा गोळा होतो आणि वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर उडतो, असा हिशेबही मांडला. हिशेब बरोबर होता, पण घाई नडली. गोखल्यांनी १९११ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक आणलं, ते पुढच्या वर्षी १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं. अखेर शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० रोजी लागू झाला. जोतीरावांच्या अर्जावर १२८ वर्षांत कार्यवाही झाली. ज्यांना सरकारी काम कळतं त्यांना हा वेग मान्य होईल. आणि एक एप्रिल ही तारीख निव्वळ आर्थिक वर्षाची सुरुवात म्हणून निवडली होती, हेही इथे स्पष्ट करतो.

भिडेवाड्याचं पुढे काय झालं हे सांगण्याजोगं आहे. राष्ट्रीय स्मारक करायचं म्हणून तो कित्येक वर्षं पडू दिला, कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि डिसेंबर २०२३ मध्ये पोलीस बंदोबस्तात जमीनदोस्त केला. पावणेदोनशे वर्षं उभी असलेली वास्तू एकदाची मोकळी झाली. आता तिची आठवण जपायला अडचण नाही.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि तिचं बोधचिन्ह ठेवलं वटवृक्ष. आता वड लावणारा माणूस त्याच्या सावलीत कितीसा बसणार? साताऱ्याच्या वसतिगृहात धान्य संपलं तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा मोडलं. कोणाची पोरं? नात्यातली नव्हेत, जातीतलीही सगळी नव्हेत. लेखापरीक्षणात या खर्चाला कोणत्या शीर्षाखाली मान्यता मिळाली असती, हे मला बत्तीस वर्षांच्या अनुभवानंतरही सांगता येत नाही.

आपण दूरचा विचार अजिबात करत नाही असं मात्र कोणी म्हणू नये. एका बाबतीत आपली निष्ठा पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. १९६४ ते ६६ या काळात कोठारी आयोग बसला. त्याचे सदस्य-सचिव आपल्या आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे जे. पी. नाईक. आयोगाने सांगितलं, राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के रक्कम शिक्षणावर खर्च करा, आणि १९८५-८६ पर्यंत तिथे पोहोचा. १९६८ च्या धोरणाने हे ६ टक्के स्वीकारले. १९८६ च्या धोरणाने पुन्हा स्वीकारले. २०२० च्या धोरणाने तर लवकरात लवकर स्वीकारले. मधल्या काळात खर्च तीन-चार टक्क्यांच्या आसपास घुटमळत राहिला, पण आकडा कोणी बदलला नाही. सरकारं बदलली, पक्ष बदलले, नोटा बदलल्या, ६ टक्के तेच. नाईकांच्या पिढीने लिहिलं, माझ्या पिढीने टंकलिखित केलं, पुढची पिढी पीडीएफ करते आहे. भावी पिढ्यांच्या हाती सुखरूप सोपवायचा ठेवा आणखी कोणता असतो?

आता आमच्या शाळेच्या भिंतीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण मला स्वतःला तो विषय आवडतो.

शाळेची जुनी इमारत दगडी. १९५० च्या दशकात गावाने श्रमदानातून बांधली. तेव्हा गावात मुलं तीस-बत्तीस, मास्तर एक, आणि बांधल्या चार खोल्या. भिंती दीड हात रुंद. माझे आजोबा अंगठा उठवायचे, त्यांना अक्षरओळख नव्हती. बैलगाडीतून डोंगराकडच्या खाणीवरून त्यांनी दगड वाहिले, सुगी संपल्यापासून मिरगापर्यंत. त्यातल्या एका बैलाचा खांदा सोलला तेव्हा शेजाऱ्याचा मागून आणला. आजी त्यांना म्हणायची, एका मास्तराला चार खोल्या कशाला? ते म्हणायचे, पोरं वाढतील की. खर्च-लाभ तपासायची पद्धत त्या काळी नव्हती, नाहीतर हा प्रस्ताव पहिल्याच टप्प्यावर त्रुटी काढून परत गेला असता. त्या चार खोल्यांतल्या एकीत मी चौथी झालो, पुढे हायस्कूल, मग नोकरी. आजोबांना त्यात काय मिळालं, हे मला अजून उलगडलेलं नाही.

पुढे या इमारतीचं कागदावरचं आयुर्मान संपलं. २०११ मध्ये निर्लेखनाचा प्रस्ताव आमच्याच टेबलावर आला आणि मीच त्याची टिपणी लिहिली: 'सदर इमारत जीर्ण व धोकादायक'. इमारतीला हे कळवायचं राहून गेलं असावं. दोन खोल्या पाडायला आलेल्या जेसीबीचा दात पहिल्याच दिवशी तुटला. काम दोन दिवस लांबलं. दगड कुठे गेले याची नोंद नाही, परंतु गावात त्या वर्षी तीन-चार चांगली कुंपणं झाली. पाडलेल्या जागी दोन नव्या खोल्या आल्या, स्लॅबच्या. तिसऱ्या पावसाळ्यात स्लॅब गळायला लागला आणि आता जुलै-ऑगस्टमध्ये त्या खोल्यांतली मुलं उरलेल्या दोन जुन्या खोल्यांत येऊन बसतात. जुन्या दोन का उरल्या? प्रस्तावाचा उत्तरार्ध अद्याप प्रलंबित आहे. मूळ टिपणी माझी असल्याने मी त्याचा पाठपुरावा करत नाही.

तर गेल्या वर्षी तिसरीतली एक मुलगी खिडकीजवळच्या कोपऱ्यात बसून कंपासपेटीतल्या कर्कटकाने भिंत कोरत होती. मॅडमचं लक्ष मोबाईलकडे होतं, बाराच्या आत अहवाल होता. मी समितीच्या बैठकीला लवकर आलो होतो, म्हणून हा प्रकार मला जवळून बघता आला.

वरचा थर ताजा, आकाशी. त्यावर निपुण भारतची उद्दिष्टं. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला वाचता आणि मूलभूत गणित करता आलं पाहिजे, मुदत २०२६-२७. ते खरवडल्यावर खाली रेल्वेचा डबा निघाला. मध्यंतरी सगळ्या शाळांच्या भिंतींवर रेल्वे रंगवायची लाट आली होती. वर्गाचं दार म्हणजे डब्याचं दार, खिडक्या खिडक्यांच्या जागी. मुलं दारात उभी राहिली की प्रवासी वाटायची आणि साहेबांना फोटो आवडायचा. त्याच्याखाली पिवळ्या रंगात अंकांचे गोल, हा ज्ञानरचनावादाचा काळ. तेव्हा साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या शाळा बघायला राज्यभरातून गाड्या भरून शिक्षक जायचे आणि परत आल्यावर फरशा रंगवायचे. कुमठ्यात शिक्षक मुलांबरोबर जमिनीवर बसायचे ही गोष्ट बऱ्याच जणांच्या ध्यानात आली नाही, रंग मात्र अचूक तोच आणला. २०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' आलं, तेही याच थरात असणार, दोन्हींचा पिवळा एकच. आणखी खाली पेन्सिलीवर बसलेली मुलगा-मुलगी, म्हणजे २००१ चं सर्व शिक्षा अभियान. मुलीच्या कर्कटकाने त्यातल्या मुलाचं डोकं उडालं. त्याखाली गडद निळ्या ऑइलपेंटवर पांढऱ्या अक्षरांत अर्धा सुविचार. तो १९८७ च्या खडू-फळा योजनेच्या आसपासचा असावा, कारण अक्षर आमच्या त्या वेळच्या मुख्याध्यापकांचं होतं. 'र' असा काढायचे की तो 'स'सारखा वाटायचा. मग चुन्याचे पापुद्रे, एकावर एक, बहुधा दर दिवाळीचे. आणि मग काळा दगड. मुलगी थांबली. कर्कटकाचं टोक मोडलं होतं.

"गुरुजी," ती मला म्हणाली (मी शिक्षक नाही, पण पांढरा शर्ट घातला की मुलं कोणालाही गुरुजी म्हणतात), "खाली अजून काय आहे?"

मी म्हटलं, "काही नाही, दगड आहे."

हे सगळे थर मिळून जाडी असेल एखाद्या पुठ्ठ्याएवढी. पण त्या पुठ्ठ्यात माझी सगळी नोकरी बसली आहे. प्रत्येक थराचं उद्घाटन झालं, फोटो काढले, उपयोगिता प्रमाणपत्र गेलं. खालचा थर वाळून त्याचं काय झालं ते बघायचं आणि मग वरचा द्यायचा, असं ठरवलं असतं तर भिंतीवर आजही एकच रंग दिसला असता. केवढं ओकंबोकं वाटलं असतं.

पुस्तकांच्या बाबतीतही आपण कमी पडलो नाही. २०२३-२४ पासून दुसरी ते आठवीच्या पाठ्यपुस्तकांत धड्यांच्या मध्ये कोरी पानं घातली. उद्देश उदात्त होता, वही लागू नये आणि दप्तर हलकं व्हावं. मुलं वह्याही आणत राहिली, दप्तर तेवढंच जड राहिलं आणि जानेवारी २०२५ मध्ये कोऱ्या पानांचा निर्णय मागे घेतला. मला ती पानं मनापासून आवडली होती. पाठ्यपुस्तकात पुढच्या पिढीसाठी आपल्याजवळ नेमकं काय सांगण्यासारखं आहे, हे इतक्या प्रामाणिकपणे आधी कधी छापलं गेलं नव्हतं. त्याच जानेवारीत शाळेच्या पोषण आहारातल्या अंड्याचा निधीही थांबला. आठवड्यातून एक अंडं २०२३ च्या नोव्हेंबरात सुरू झालं होतं, आता हवं असेल तर लोकसहभागातून द्यावं, असं सांगितलं गेलं. हाडं वाढायला बरीच वर्षं लागतात. योजना तेवढं थांबू शकत नाही.

पहिलीपासून हिंदीचंही तसंच. १६ एप्रिल २०२५ ला निर्णय, १७ जूनला सुधारित निर्णय, २९ जूनला दोन्ही रद्द, मग समिती. पहिलीतल्या पोराला तोवर 'क'चा कान काढता येत नव्हता. त्याने एकही दिवस न शिकलेल्या भाषेवर अडीच महिने सगळं राज्य बोलत होतं. पोरगं तेवढ्यात मात्रा शिकलं.

आता शिक्षकांचं. शिक्षक हा मूल घडवतो, सबब त्याला स्वतःला घडायला वेळ द्यावा, या विचाराने २००० पासून शिक्षण सेवक योजना आहे. पहिली तीन वर्षं मानधन, मग पगार. २०२३ पर्यंत कित्येक वर्षं प्राथमिकचं मानधन महिना ६,००० रुपये होतं, म्हणजे रोज दोनशे. आमच्या गावात गवंड्याच्या हाताखाली सिमेंट कालवणाऱ्याला याहून जास्त मिळत होतं. ते योग्यच होतं, सिमेंट कच्चं कालवलं तर वर्षभरात दिसून येतं. मूल कच्चं राहिलं तर दिसायला पंधरा-वीस वर्षं लागतात आणि तोवर संबंधितांची बदली झालेली असते. २०२३ मध्ये मानधन १६,००० केलं. तो बदल मला घाईचा वाटला.

शिक्षण हक्क कायद्याचं २७ वं कलम शिक्षकाला अशैक्षणिक कामाला जुंपू नका म्हणतं, पण जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांचा अपवाद करतं. उरलेल्या गोष्टी या तिन्हींपैकी कशात ना कशात बसवता येतात, आमच्या काळी मी बसवल्या आहेत. एका गुरुजींनी तर मला फार सुंदर गोष्ट सांगितली. मतदारयादीच्या कामामुळे त्यांना एका मुलाची चौथी नीट घेता आली नव्हती. आठ-नऊ वर्षांनी तोच मुलगा त्यांच्याकडे आला. अठरा पूर्ण झाले होते आणि यादीत नाव घालायचं होतं. गुरुजींनी अर्ज पुढे केला. त्याला अर्ज वाचता येईना, तेव्हा त्यांनीच भरून दिला. शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यातलं नातं आयुष्यभराचं असतं ते असं.

मुलांची संख्या हा मात्र नाजूक भाग आहे. २०११ च्या ऑक्टोबरात राज्यात तीन दिवस पटपडताळणी झाली. एकच मूल दोन शाळांत मोजलं जाऊ नये म्हणून पोरांच्या बोटांना मतदानासारखी शाई लावली. तेव्हा लक्षात आलं की पटावरची बरीच मुलं जन्मलेलीच नाहीत. त्यांच्यावर टीका झाली. मी हजेरीपट हाताळलेला माणूस आहे, मला वाटतं त्यांच्याइतकी गुणी भावी पिढी पुन्हा होणार नाही. खिचडी आली की हजर, कधी आजारी नाहीत, नापास नाहीत, फळ्यावरचं दिसत नाही म्हणून तक्रार नाही, आणि मुख्य म्हणजे कधी मोठी होऊन काही विचारायला येणार नाहीत.

आता काळजी खऱ्या मुलांची आहे, ती कमी होताहेत. २०२३ मध्ये २० पेक्षा कमी पटाच्या १४,७८३ शाळा राज्यात निघाल्या, मुलं १,८५,४६७, शिक्षक २९,७०७. तोरणमाळ आणि पानशेतच्या धर्तीवर समूहशाळा कराव्यात, असा विचार पुढे आला. मोठी शाळा, सगळ्या सोयी, लहान शाळांतली पोरं गाडीने तिथे. मोठ्या शाळेत खेळगडी मिळतात, एका शिक्षकाला चार इयत्ता एकदम हाकाव्या लागत नाहीत, हे खरंच आहे. गाडी किती वर्षं येईल, डिझेलचं बिल कोण भागवेल, ओढ्याला पाणी आलं की काय, आणि घरचे आठ-नऊ वर्षांच्या पोरीला त्या गाडीत बसवतील का, हे प्रश्न उरतात. पण ते पुढचे आहेत. आमच्या वाडीचा पट सध्या एकोणीस आहे. यंदा एक मूल कमी पडतं म्हणून सरपंचांनी ऊसतोड कामगाराच्या पोराचं नाव घातलं होतं. ते नोव्हेंबरात आई-बापाबरोबर कारखान्यावर निघून गेलं. कोयता गेला की पट उतरतो, हे आमच्याकडे पावसासारखं ठरलेलं आहे.

कोणी म्हणेल, २०२५ मध्ये पहिलीत आलेली सहा वर्षांची मुलगी सरकारी नोकरीत लागली तर ५८ व्या वर्षी, म्हणजे २०७७ मध्ये निवृत्त होईल. तोपर्यंत तिला काय लागेल, याचा विचार कुठे होतो? होतो. शाळेचं जनरल रजिस्टर 'अ' वर्गातला अभिलेख आहे, तो कायम जपायचा असतो. बाकीची बरीच कागदपत्रं दहा वर्षांनी, पाच वर्षांनी, काही तर वर्षातच नष्ट करता येतात, पण मुलीचं नाव, जात, जन्मतारीख आणि शाळा सोडल्याचा दिनांक हे २०७७ मध्येही मिळेल. मधल्या काळात ती काय शिकली यासाठी वेगळा अभिलेख ठेवण्याची तरतूद नाही.

हे सगळं मी एवढ्या तपशिलाने का लिहिलं? कारण गेल्या जूनमध्ये गणवेशाची मापं घेताना या खोडीशी माझी समोरासमोर गाठ पडली.

आदल्या वर्षी 'एक राज्य एक गणवेश' होता. गणवेश वरून शिवून यायचे होते, आले ते आमच्याकडे हिवाळ्यात. तोवर मुलं जूनपेक्षा मोठी झाली होती, सदरे जूनचे होते. काहींच्या बगला पहिल्याच दिवशी उसवल्या. मुलं सहा महिन्यांत वाढतात, ही बाब कळवण्यात आली. त्यानंतर कापड आणि शिलाईचं काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे आलं, दोन गणवेशांना मुलामागे ६०० रुपये. समितीने गावच्याच शिंप्याला बोलावलं. त्याने जुन्या खोलीच्या ओट्यावर मांडी घातली, टेप गळ्यात, खडू कानावर, आणि एकेका पोराला समोर उभं करून मापं वहीत उतरवायला लागला. मी समितीच्या वतीने शेजारी खुर्ची टाकून बसलो, मापं बरोबर मापाची घेतली जातायत ना ते बघायला.

चौथीतल्या एका मुलीची आई पुढं आली. भांगलणीवरून थेट आली होती, पदराला माती. ती शिंप्याला म्हणाली, "दादा, जरा वाढत्या अंगाचं घ्या बरं का."

मी मध्ये पडलो. म्हटलं, "ताई, असं चालत नाही. कापड मापाचं आलंय. यंदाचं यंदाच्या मापाचं शिवायचं, पुढच्या वर्षी शासन परत देणारच आहे."

"पुढल्या साली देणार?"

"देईल की."

"आन् न्हाई दिलं तर?"

"पुढचं पुढे बघू," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. रागाने नाही, हिशेब चुकलेल्या पोराकडे बघावं तसं. "भाऊसाहेब," ती म्हणाली, "तुमचं शासन थांबतंय, माझी पोर थांबती व्हय?"

यावर नियमानुसार उत्तर देता येण्यासारखं होतं, पण ती मुलगी मध्येच माझ्याकडे बघून हसली. तीच होती, कर्कटकवाली. आता तिच्या कंपासपेटीत दुसरा कर्कटक असावा. शिंप्याने काही न बोलता टेपचं टोक तिच्या खांद्यावर धरलं, गुडघ्यापर्यंत सोडलं, आणि खाली आणखी चार बोटं मोजून खडूची रेघ मारल्यासारखं केलं. वहीत लिहिलेला आकडा मला माझ्या खुर्चीतून दिसत होता. मी कार्यवृत्तात लिहिलं, 'सर्व गणवेश मापानुसार शिवण्यात येत आहेत', आणि सही केली.